पांढरा उतार

सावळखेड खाण,
पो. पांढरकवडा, जि. यवतमाळ
१२ सप्टेंबर १९५९

प्रिय पद्मे,

पाकीट फुगलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. आत पालापाचोळा आहे, तोही जुन्या वर्तमानपत्रात दाबून दाबून सपाट केलेला. कॉलेजात मी दाबलेली पानं पाहून तू नाक मुरडायचीस. आता नागपुरात तूच मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवतेस म्हटल्यावर तुझ्याशिवाय कुणाला पाठवू?

ह्यांची इथं बदली झाली तेव्हा तू लिहिलं होतंस, 'रेंजरची बायको, जंगलात राहणार, नशीबवान आहेस.' ऐक आता नशीबवानाचं. इथं जंगल नाहीच. चुन्याच्या दगडाची बंद पडलेली खाण जंगलखात्याच्या गळ्यात पडलीय आणि तिचं जंगल करायचं काम आमच्या ह्यांच्या. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि मागं ठेवलं काय, तर पाण्यानं भरलेले खड्डे, दगडाच्या भुग्याचे डोंगर आणि एक बंगला. त्या बंगल्यात मी. हे सतत फिरतीवर. रोपं आणा, मजूर आणा, साहेबांपुढं उभे राहा. डोमाजी नावाचा फॉरेस्ट गार्ड आहे, तो बोलतो, पण बैलांशी.

मग मी एकटीच भटकते. भटकताना गंमत दिसली ती अशी, की खात्यानं जिथं अजून काही लावलं नाही तिथंच सगळं उगवतंय. भुग्यावर आधी ते पिवळ्या फुलांचं, कंबरमोडी म्हणतात ते. त्याच्या मागं कुसळी, तरोटा, रुई. मजुरांच्या झोपड्या होत्या तिथं तर बाजारच भरलाय. चुलीच्या राखेत मिरची, पडक्या भिंतीला लागून एरंडी, आणि जिथं बसून कुणी काही खाल्लं असेल तिथं सीताफळ नि बोर. माणसं गेली, त्यांनी थुंकलेल्या बिया राहिल्या.

एकच जागा कोरी आहे. हैदराबादच्या सडकेकडे तोंड करून असलेला मोठा उतार. त्यावर काडी नाही. पांढरा फटक. काहून गं पद्मे? आणि उत्तर लवकर लिही. इथं पोस्टमन सायकल ढकलत येतो आणि माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहतो.

तुझी
शोभा


धंतोली, नागपूर
२७ सप्टेंबर १९५९

प्रिय शोभा,

नमुने पोचले. बहुतेकांची मुळं तू तोडली आहेस. मूळ नसलेला नमुना मला काय कामाचा? यापुढं खुरप्यानं काढ, माती झटक, मग दाब.

तू लिहिलेला क्रम मात्र बरोबर आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. उघड्या जागेत आधी वाऱ्यानं उडणारं बी येतं, मग गुरांच्या अंगाला चिकटून येणारं, मग पाखरांच्या आणि कोल्ह्यांच्या पोटातून आलेलं. कंबरमोडी, कुसळी, बोर. तुझ्या खाणीनं हे सगळं पाठ केलंय. एकानं थोडी माती धरली की दुसरं तिच्यात पाय रोवतं. असे सगळे शेजारी मिळून एक वस्ती होते. माझ्या मुलींना मी हे फळ्यावर काढून दाखवते, तू अंगणात पाहतेस.

उतार कोरा का, हे मला कळत नाही. त्याला ऊन किती लागतं? पाणी वाहून जातं की मुरतं? माती तोंडात घालून पाहिलीस का? लिही.

पद्मजा


सावळखेड खाण
२२ नोव्हेंबर १९५९

प्रिय पद्मे,

घातली माती तोंडात! ह्यांनी पाहिलं आणि विचारलं, 'डोहाळे का?' तसलं काही नाही, आणि बाई, तो विषय तूही काढू नकोस. उतार पश्चिमेचा, दुपारभर ऊन खातो. मातीची चव म्हणशील तर खडूची. खारट मुळीच नाही.

खारट हे अशासाठी लिहिते की इथं एक बाई मला भेटलीय. धनीबाई. खाणीच्या कडेला बंजाऱ्यांचा तांडा होता. खाणीच्या खड्ड्यांनी विहिरींचं पाणी ओढून घेतलं, मग कंपनी गेली तशी मजुरीही गेली, आणि अख्खा तांडा उठून फुलसावंगीकडे गेला. तिथं शेती करतात. ही एकटी म्हातारी मागं राहिली. पडक्या घरांच्या मधोमध हिचं एक घर सारवलेलं. मोठा मुलगा उत्तमसिंग फुलसावंगीहून न्यायला येतो, ही जात नाही. धाकटा फकिरा ट्रकवर क्लीनर म्हणून हैदराबादच्या सडकेनं गेला तो गेलाच.

ती रोज दुपारी माझ्या ओसरीवर येते. हाताला कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि तोंडाचा पट्टा असा की विचारू नकोस. मी दिवसभर गप्प, ती आली की आम्ही दोघी एकदमच बोलतो. तिला त्या उताराचं विचारलं तर म्हणाली, 'तिथं काई उगवत नाई वो बाई. लदणीच्या काळात आमच्या मानसाईनं तिथं मिठाच्या गोण्या उतरवल्या व्हत्या. मीठ पडलं का जमीन मेली.' लदणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव जायचे ते दिवस. सांगताना तिचा चेहरा असा गंभीर होता की मी मान डोलावली आणि संध्याकाळी जाऊन माती चाटली.

आता मीठ नाही तर काय आहे? तू इकडे येऊन पाहत का नाहीस? दोन दिवस तरी.

शोभा


धंतोली, नागपूर
१४ डिसेंबर १९५९

प्रिय शोभा,

धनीबाईंच्या मिठावर वर्गात आम्ही खूप हसलो. पण विचार केल्यावर वाटतं, कारण चुन्याच्या बारीक भुग्यातच आहे. ओला झाला की त्याचा लगदा होतो आणि उन्हात वर कडक खपली धरते. बी पडलं तरी मूळ आत शिरत नाही. शिवाय उतार पश्चिमेचा, भाजून निघणारा. माझी खात्री झाली आहे.

उपाय सांगते तो तुझ्या अनंतरावांना दाखव. पावसाआधी खपली फोडायची, तळ्याचा गाळ आणि शेणखत पसरायचं, आणि मृग लागला की त्यात कुसळीचं, तरोट्याचं, बाभळीचं बी टाकायचं. नाही उगवलं तर मी शिकवणं सोडेन.

यायला जमणार नाही. परीक्षा आहेत, मग प्रात्यक्षिकं. रुईचा नमुना पुन्हा पाठव, यावेळी फुलासकट.

पद्मजा


सावळखेड खाण
३० जुलै १९६०

प्रिय पद्मे,

इतके महिने लिहिलं नाही, कारण तुझ्या पत्रात मी कुठंच नव्हते. रुई होती, खपली होती, माझं नाव फक्त वर. रागावले होते. आता राग गेला, कारण सांगण्यासारखं काही घडलं आणि सांगायला तूच आहेस.

तुझा उपाय ह्यांना पटला. मे महिन्यात मजुरांनी उतार फोडला, गाड्या भरभरून गाळ आणला, खत घातलं. पाऊस पडला आणि अगं, उगवलं! आख्ख्या उतारावर पोपटी लव. हे इतके खूश की त्या दिवशी जेवताना स्वतःहून बोलले. ऑक्टोबरात मोठे साहेब पाहणीला येणार आहेत, सडकेवरून मोटारीतूनच त्यांना हिरवा डोंगर दिसेल, बढतीचंसुद्धा होईल म्हणाले.

आणि मग ते नाहीसं व्हायला लागलं. आज खालची बाजू कोरी, चार दिवसांनी मधली. हे म्हणाले ढोरं. डोमाजी म्हणाला रानडुकरं. मी म्हटलं पद्मजाबाईंची खपली. शेवटी डोमाजी पहाटेच जाऊन बसला आणि उजाडता उजाडता धनीबाईला हाताला धरून बंगल्यावर घेऊन आला. तिच्या टोपलीत उपटलेली कोवळी रोपं गच्च भरलेली. पद्मे, उतारावर काही उगवत नव्हतं असं नाहीच. जे उगवेल ते ही म्हातारी दर पावसाळ्यात ओणवी होऊन उपटत होती. तुझी खपली नि तिचं मीठ, दोन्ही खोटं.

हे भडकले. 'सरकारी काम आहे, कळतं का? कायले उपटते?' ती मुळीच घाबरली नाही. मलाच म्हणाली:

'बाई, तुमी तरी साह्यबाले सांगा. माह्या सासऱ्याच्या तांड्यात रीत व्हती. तांडा पुढं निघाला अन् कोनी मांगं राह्यला, तं घरचं एक मानूस जुन्या जागेवर बसे. मांगून येनाऱ्याले रस्ता सांगाले. माहा फकिरा टरकावर गेला तवा तांडा इथंच व्हता. त्याले कोन सांगन तांडा कुठं गेला? तो सडकेनं येईन. त्याले वळख एकच, हा पांढरा डोंगर. अंधारातबी दिसे. आता बाकी सारं तं हिरवं झालंच. हेबी झालं तं तो टरकातून पाह्यत पाह्यत पुढं निघून जाईन. कुठं उतरावं ते त्याले समजन काय?'

मी विचारलं, मग मिठाचं का सांगितलंस? म्हणाली, 'तसं नसतं सांगतलं तं तुमी खत नसतं काय टाकलं?' आणि बघ, आम्ही टाकलंच.

मला रडूच फुटलं. ह्यांच्यासमोर, डोमाजीसमोर, मुसमुसून. एवढे दिवस मला वाटत होतं ती माझ्यासाठी ओसरीवर येते. अगं, माझ्या ओसरीवरून सडक दिसते! ती माझ्याशी बोलायची पण तोंड सडकेकडे. मला वाईट वाटलं आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम.

ह्यांनी टोपली तिच्यापुढं परत ठेवली. मग म्हणाले, 'ठीक आहे, पण साहेबांना मी काय सांगू? म्हातारी उपटते म्हणून?' तेव्हा आता तूच. कॉलेजच्या कागदावर लिहून दे, की या उतारावर काही उगवूच शकत नाही. तुझीच तर खात्री झाली होती.

शोभा


धंतोली, नागपूर
११ ऑगस्ट १९६०

प्रिय शोभा,

उगवतं हे कळल्यावर उगवत नाही असं मी लिहिणार नाही. माझी चूक झाली ती झाली. तिच्यावर कॉलेजचा शिक्का मारू?

पण तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. मग सुचलं. आम्ही कुठलाही प्रयोग करतो तेव्हा एक तुकडा मुद्दाम मोकळा ठेवतो. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या हिरव्याची किंमत कळत नाही. हे शंभर टक्के खरं आहे. सोबत तसं पत्र जोडते: सडकेकडील उतार पुढील तीन वर्षं तुलनेसाठी पूर्ण मोकळा ठेवावा, वेळोवेळी निंदून काढावा. खाली माझी सही, माझी पदवी. निंदण्याचं काम स्थानिक बाईकडे द्यावं असंही घातलंय.

धनीबाईंना सांग, मी हसले होते त्याची मला लाज वाटते.

पद्मजा


सावळखेड खाण
१९ जानेवारी १९६१

प्रिय पद्मे,

जिंकलीस बाई तू! साहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'असं काही आपल्या विभागात कुणी करत नाही, छान.' आमच्या ह्यांची कॉलर ताठ. उतारावर आता पाटी आहे: 'निरीक्षणासाठी राखीव.' धनीबाईनं विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं फकिराचं नाव लिहिलंय. तिनं पाटीवरून हात फिरवला.

पण दिवाळीनंतर तिला खोकला लागला तो हटेना. डोळ्यांनाही दिसेनासं झालं. तरी चाचपत उतारावर जायचीच. उत्तमसिंग गाडी जुंपून आला. मोठा धिप्पाड माणूस, आईपुढं हात जोडून उभा. 'चाल याडी, इथं मरशीन, मले तोंड दाखवाले जागा नाई राहनार.' याडी म्हणजे आई. ती खाटेवरून हलेना. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाली, 'तुमी बसशान काय वो बाई, मी जाते तं?'

मी हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. माझी कुणाला तरी गरज होती, आणि तीही नुसती बसायला. दुसरं मी इथं करते काय?

गाडी गेली. आता दुपारी ओसरीवर कुणी येत नाही. मी खुरपं घेऊन उतारावर जाते आणि हिवाळ्यातसुद्धा कुठं कुठं डोकं काढणारी कंबरमोडी उपटते. मुळासकट, तुला आवडतं तशी. ह्यांनी एकदा पाहिलं आणि माझ्यासाठी एक जुनी टोपी ठेवून गेले. भला माणूस आहे गं, पण घरात असतो कुठं?

शोभा


धंतोली, नागपूर
८ मार्च १९६१

प्रिय शोभा,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा डोक्यावर आहेत. उन्हाळ्यात तूच नागपूरला ये ना, मोकळं वाटेल. उताराचं महिनाभर डोमाजी पाहील.

पद्मजा


सावळखेड खाण
२८ सप्टेंबर १९६१

प्रिय पद्मे,

डोमाजी पाहणार नव्हता, म्हणून मी आले नाही. मी शब्द दिला होता. आणि बरं झालं, नाही आले ते.

श्रावणात एका सकाळी मी उतारावर निंदत होते. पाठीमागून, सडकेकडून नाही, जंगलाकडून, एक माणूस आला. डोक्याला फेटा, दाढी वाढलेली, खांद्यावर कुऱ्हाड, गुडघ्यापर्यंत चिखल. मी खुरपं घट्ट धरलं. तो म्हणाला, 'बाई, इथं एक बुढी गवत उपटे म्हनते, ते कुठं हाय?' मी म्हटलं, तू कोण? म्हणाला, 'मी फकिरा.'

पद्मे, मी खुरपं टाकलं. त्याला ओसरीवर घेऊन आले.

ट्रकवर तो जेमतेम एक उन्हाळा होता. मग झरी जामणीच्या जंगलात बांबू तोडायला लागला. इतकी वर्षं तिथंच, आमच्यापासून चालत येण्याच्या अंतरावर! तांडा उठल्याचं त्याला केव्हाच कळलं होतं. 'तांडा गेला म्हंजे याडीबी गेली असन, असंच समजलो मी. भावासंग भांडून निघालो व्हतो, कोन्या तोंडानं जाऊ फुलसावंगीले?' ती बसली याची वाट पाहत, आणि हा बसला ती नाही असं समजून. ती इथं होती हे त्याला कळलं कसं, तर डोमाजीमुळं. आमचा मुखदुर्बळ डोमाजी बाजारात बांबूवाल्यांना हसत हसत सांगत होता, की खाणीवर आधी एक वेडी म्हातारी गवत उपटायची आणि आता तिच्या नादानं रेंजरची बायको उपटते.

मी त्याला सगळं सांगितलं. रीत, पांढरा डोंगर, मीठ, तुझं पत्र, सगळं. आणि रस्ता सांगितला, फुलसावंगीचा. त्यानं उभ्याउभ्या चहा घेतला आणि गेला. इतका आनंद झाला होता मला, आणि घरात येऊन पाहते तर सांगायला चिटपाखरू नाही. भिंतीला सांगितलं, खरंच.

परवा तो पुन्हा आला, आईचं जातं नि गोधडी न्यायला. या वेळी फेटा नव्हता, मुंडण केलेलं, तेव्हाच मी समजले. धनीबाई पोळ्यापर्यंत होती. डोळे पूर्ण गेलेले. त्याचं तोंड चाचपून तिनं ओळखलं, आणि पहिलंच काय विचारलं असेल? 'पांढरं दिसलं काय रे तुले?'

मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

म्हणाला, 'दिसलं म्हटलं याडी. लय दुरून दिसलं. म्हनून तं उतरलो.' मग माझ्याकडे पाहायला लागला. 'खोटं बोललो बाई. पाप लागन काय?' मी म्हटलं, नाही रे, काही पाप नाही. मग तो रडला आणि मीही.

तेव्हापासून मी उतारावर गेले नाही. तरोटा आलाय, दाट. हे म्हणतात पाटी काढू या. काढा म्हटलं.

पद्मे, आजवर मी 'ये' असं लिहिलं तेव्हा झाडांच्या आडून लिहिलं. आता सरळ लिहिते. इथं मला फार एकटं वाटतं. झाडं पाहायला नको येऊस, माझ्यासाठी ये.

शोभा


धंतोली, नागपूर
६ ऑक्टोबर १९६१

शोभे,

तुझं पत्र वर्गात जाताना वाचलं. वर्ग घेतला नाही. खोलीवर येऊन दार लावून बसले. आई गेल्यापासून या खोलीत माझ्याशिवाय कुणी बोललेलं नाही, हे मी तुला कधी लिहिलं नाही. परीक्षा, प्रात्यक्षिकं, हेच लिहीत राहिले. तुझी पानं यायची तेव्हा मी ती दिवसदिवस टेबलावर पसरून ठेवायची, कुणी आल्यासारखं वाटायचं म्हणून.

दसऱ्याच्या सुटीत येते. सुटी लागली की पहिल्याच मोटारीनं निघेन. कागद, पानं दाबायच्या फळ्या, भिंग काही आणत नाही. आता सडकेवरून काही ओळखू येणार नाही, तेव्हा फाट्यावर तूच उभी राहा.

तुझी
पद्मा